खुडूक

नागपूर, १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. बत्तीस वर्षं रेल्वेच्या आर.एम.एस.मध्ये टपाल वेगळं केलेला माणूस बरोबर पत्त्यावर आलेलं पाकीट न फोडता ठेवणार नाही, असा माझा अंदाज आहे. पिनकोड तपासून लिहिला आहे.

काम आहे म्हणून लिहिते. मला गावच्या घराच्या अंगणात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा ठेवायचा आहे. जया आत्याला विचारलं. ती म्हणाली, "घर दोघायचं हाय, दादाले विचार." म्हणून विचारते आहे.

तुम्ही माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाही, पण परवानगी मागायची तर सांगणं भाग आहे. आमच्या केंद्रात आम्ही अंगणात पाळायच्या कोंबड्या तयार करतो. दिसायला गावठी, कुत्रं आलं तर उडून छपरावर बसणाऱ्या, उकिरडा उकरून पोट भरणाऱ्या. पण अंडी गावठीच्या दुपटीहून जास्त देणाऱ्या. प्रत्येक पिढीतून चांगल्या निवडायच्या, त्यांची पिल्लं काढायची, त्यांतून पुन्हा निवडायच्या. काम एवढंच आहे. त्याला आयुष्य पुरत नाही.

या निवडीत एक गोष्ट हातातून गेली. कोंबडी खुडूक झाली की अंडी घालणं थांबवते आणि अंड्यांवर बसते. बसलेली कोंबडी आमच्या तक्त्यात शून्य. त्यामुळे दर पिढीला न बसणाऱ्या पुढे गेल्या आणि बसणाऱ्या मागे राहिल्या. कोणी मुद्दाम केलं नाही. आता आमची कोंबडी भरपूर अंडी देते आणि वळून त्यांच्याकडे बघत नाही. जिच्या घरी उबवणीचं मशीन नाही ती बाई दरवर्षी आमच्याकडे पिल्लं विकत घ्यायला येते.

माझ्याकडे सात नंबरचा कळप आहे. त्यात मी उलटी निवड करते: अंडी बऱ्यापैकी देणारी आणि तरीही खुडूक होणारी. हे दोन गुण एकमेकांच्या उलट ओढतात. तीन पिढ्या झाल्या. माझ्या वरिष्ठ डॉ. अरुंधती म्हणाल्या, "नंदिनी, तुझा कळप पिंजऱ्यात नापास आहे. अंगणात पास होतो का ते दाखव, नाहीतर यंदा बंद." तो बंद पडला तर हा गुण आमच्याकडे पुन्हा कुठून आणायचा, मला माहीत नाही.

नेमणुकीचं पत्र मी तुमच्या हातात दिलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "ज्या नावापायी गाव सोडलं, ते तू पाटीवर लिहून आनलं." नाव कोणतं, ते मी विचारलं नाही. कोंबड्या पाळणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं, असं मी धरून चालले आहे. त्याचा या विनंतीशी संबंध नाही.

महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर नकार समजेन.

तुमची,
नंदिनी


नागपूर, २३ मार्च २०२५

प्रिय बाबा,
जयभीम.

मी नकार समजले होते. आत्यानं वेगळं समजलं. फोनवर म्हणाली, "दादा चूप हाय ना? मंग हो हाय. नाही म्हनाचं असतं त दुसऱ्याच दिवशी कार्ड आलं असतं त्याचं. आन तुह्या कोंबड्या." हा तर्क मला शास्त्रीय वाटला नाही. तरी कोंबड्या नेल्या. आक्षेप असेल तर आत्याला कळवा, मी त्या तिथून हलवीन.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांतली एक बसली.

हे कळायला मला मोजमाप लागलं नाही. जवळ गेले तर ती फुगून दुप्पट झाली आणि घशातून असा आवाज काढला की मी मागे सरकले. आत्या हसून लोळायची बाकी राहिली. "एवढी शिकली अन् कोंबडीले भेते का वं? ये, हात घाल तिच्याखाली."

मी हात घातला.

बाबा, बसलेल्या कोंबडीच्या पोटाची पिसं गळतात, कातडी उघडी पडते आणि तिथलं रक्त वाढतं, हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. हात आत गेल्यावर मात्र मला वाटलं, इथे कोणीतरी चूल पेटवून ठेवली आहे. उघडं कातडं सरळ अंड्यांना लावलेलं. मध्ये एकही पीस नाही. माझ्या बोटांखाली तिनं एक अंडं चोचीनं ओढून आत घेतलं आणि माझा अंगठाही त्याच्यासोबत आत ओढला. तिच्या लेखी तोही उबवायचाच होता. मी बराच वेळ हात काढला नाही.

"अंडे मोजून राहिली का?" आत्या म्हणाली. "निघतील तवा मोज."

मी तिथे असताना शेजारची शामलाबाई आली. तिची कोंबडी मुंगसानं नेली होती आणि अंडी घरात तशीच पडली होती. आत्यानं काही न विचारता आपली दुसरी खुडूक उचलली, डोक्यावर पदर टाकून तिला अंधार केला आणि शामलाबाईच्या काखेत दिली. खुडूक मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, अशी इथली रीत आहे. जिची कोंबडी तिला एक पिल्लू मिळतं: घरट्याबाहेर जे पहिलं पाऊल टाकेल ते. निवड कोणी करायची नाही. तिन्हीसांजेला परक्या अंड्यांवर बसवलेली कोंबडी सकाळी त्यांना आपलीच समजते. तुम्हाला हे माहीत असणार. मला नव्हतं.

आता दुसरं. मी आत्याला विचारलं, बाबांना कोंबड्यांचा एवढा राग का? ती आधी हसली, मग हसायची थांबली.

तिनं मला सांगितलं. तुम्ही आठ वर्षांचे होता. आजीची कोंबडी बाजेखाली कोपऱ्यात बसली होती. पिल्लं निघायलाच आली होती. गावच्या मालकाच्या मोठ्या घरी पाहुणे आले म्हणून त्यांचा गडी आला आणि ती कोंबडी घरट्यावरून पाय धरून घेऊन गेला. आजी कामावर निघून गेली. तुम्ही ती अंडी तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरली आणि चुलीच्या राखेपाशी पडून राहिलात. जेवायला उठला नाहीत. अंड्यांना आई गेल्याचं कळू नये म्हणून दिवसभर कोंबडीचा आवाज काढत राहिलात. "मी पाच वर्साची होती," आत्या म्हणाली, "मले वाटे दादा आता कोंबडीच होनार."

त्यांतली दोन निघाली. ती तुमच्या मागे शाळेत आली. त्या दिवसापासून गावानं तुम्हाला खुडक्या म्हटलं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही कोणीतरी ओरडलं, "खुडक्या पास झाला!"

आपल्या घरात कधी अंडं येत नसे. मी त्याचे अनेक अर्थ लावले होते. हा त्यांत नव्हता.

यावर मी काही लिहावं अशी तुमची अपेक्षा नसेल. फक्त धंद्यातली माणूस म्हणून एक सांगते. त्या वयाची अंडी, मशीन नाही, थर्मामीटर नाही, आणि दोन पिल्लं. हे आमच्याकडे एखाद्यानं सांगितलं तर आम्ही त्याला पुन्हा करून दाखव म्हणू. मी म्हणणार नाही.

तुमची,
नंदिनी


गाव, ९ मे २०२५

प्रिय बाबा,
जयभीम.

हे आत्याच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. वीज अजून नाही.

काल दुपारी नागपुरात वादळ झालं, ते तुम्ही इंदोऱ्याच्या घरातून पाहिलं असेल. आमच्याकडे करंजाचं झाड जनरेटरच्या शेडवर पडलं आणि बाहेरची लाइनही तुटली. वीज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येणार नाही, असं कळलं. मशीनमध्ये सात नंबरच्या पुढच्या पिढीची अंडी होती, निघायला तीन दिवस राहिलेली. त्यांचे आईबाप पक्षी एप्रिलमध्येच काढून जागा दुसऱ्या कळपाला दिली होती. म्हणजे केंद्रात जो काही सात नंबर होता तो त्या पेटीत होता.

या वयाच्या अंड्याला स्वतःची ऊब असते. पंखा बंद पडला की बंद पेटीत ती एकमेकांना शिजवतात. दार उघडलं तर गारांनंतरची थंड हवा. मी दार उघडत आणि लावत उभी होते. ते रात्रभर जमणार नाही, हे मला कळत होतं.

डॉ. अरुंधती भिजून आल्या. मी म्हटलं, गावात खुडूक कोंबड्या आहेत.

"गेटबाहेर गेलेलं अंडं परत आत येत नाही. रोगाचा नियम आहे. तुला पाठ आहे."

"हो मॅडम."

"म्हणजे इथला सात नंबर संपला."

"हो."

त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग उभी काय राहिलीस?"

आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "किती?"

"दीडशेच्या आसपास."

"बाप्पा! एवढ्यायले किती कोंबड्या लागन?"

"बारा-तेरा. सगळ्या खुडूक."

"माह्याकडं दोन हाय."

"मग?"

"तू ये त सही."

केंद्राचे ड्रायव्हर चंपतराव जीप घेऊन आले. ट्रे गोणपाटात गुंडाळून मी मागे मांडीवर आणि दोन्ही बाजूंना घेतले. कळमन्यापर्यंत रस्त्यावर फांद्या आणि पत्रे पडलेले होते. पुढे भंडारा रोडला लागल्यावर चंपतराव म्हणाले, "मॅडम, खड्डा आला त ब्रेक मारू का नको?"

"नका मारू."

"मंग देवाचं नाव घ्या."

"तुम्ही घ्या. मी अंडी धरते."

दिवस मावळता मावळता पोहोचलो. अंगणात मी जे पाहिलं ते लिहायला मला योग्य शब्द सापडत नाही, म्हणून जसं होतं तसं लिहिते. बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या काखेत पदराखाली एक कोंबडी. शामलाबाईनं आत्याचीच परत आणली होती, त्या पिल्लांनंतर पुन्हा रिकाम्या जागेवर हटून बसलेली. कोणी बोलत नव्हतं, कारण आवाजानं कोंबडी बिथरते. नुसता पदरांखालून तो घशातला आवाज येत होता, सगळ्या अंगणातून, खोल आणि एकसारखा. एका म्हातारीनं माझ्या हातातला ट्रे बघून शेजारणीला हळूच विचारलं, "हे सारे हिचेच का?" दुसरी म्हणाली, "हिचे नाही वं, सरकारचे." "मंग सरकार काहून बसत नाही?" आणि सगळ्या तोंडात पदर धरून हसल्या.

मी कोंबड्या मोजल्या नाहीत. हे मी लिहिते आहे म्हणजे खरं आहे.

टोपल्यांत तणस घालून अंडी लावली. कोंबड्या एकेक करून बसवल्या. फुगल्या, सरकल्या, चोचीनं अंडी आत ओढली. शेवटी एका ट्रेमधली अकरा अंडी उरली आणि कोंबड्या संपल्या.

तेव्हा कुंपणापाशी सुभद्राबाई आल्या. मोठ्या घरच्या सूनबाई. आत्या त्यांच्याकडे मागायला गेली नव्हती. वयानं साठीच्या पुढे, डोक्यावर पदर, काखेत तांबडी कोंबडी. "जया," त्या म्हणाल्या, "माही परवापासून बसून हाय. चालन का?"

मला गोष्ट माहीत होती. तिथे बहुतेक सगळ्यांनाच असावी. आत्या कुंपणापर्यंत गेली. मग म्हणाली, "आन. कोंबडीले का माहीत ते कोनाची हाय."

ती तांबडी आत्यानं घरात नेली आणि बाजेखाली कोपऱ्यात बसवली. त्याच कोपऱ्यात. हे तिनं मला नंतर सांगितलं.

आज सकाळी सगळ्या बसलेल्या आहेत. अंडी जिवंत आहेत का, ते मला अजून ठाऊक नाही. उद्या संध्याकाळपासून आत आवाज सुरू व्हायला हवा. पिल्लू कवच फोडण्याच्या आधी आतली पातळ कातडी टोचतं, पहिला श्वास घेतं आणि आतूनच बोलतं. कोंबडी त्याला बाहेरून उत्तर देते. पुस्तकात असं आहे. इतक्या वर्षांत मी ते एकदाही ऐकलेलं नाही. मशीनच्या पंख्याचा आवाज फार मोठा असतो.

हे पत्र चंपतराव आज तुमच्या दारातून आत टाकतील. टपालानं वेळेत पोहोचणार नाही. तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे.

मी तुम्हाला या म्हणत नाही. आवाज उद्या संध्याकाळी सुरू होईल आणि परवा दुपारपर्यंत राहील, एवढंच कळवते.

नंदिनी


गाव, १४ मे २०२५

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्ही इथे येऊन गेलात, तेव्हा तुम्हाला माहीत असलेलं परत लिहिण्यात अर्थ नाही. पण तुम्हाला तुमची पाठ दिसत नव्हती. मी मागे उभी होते.

तुम्ही मौद्याला बस सोडून चालत आलात, हे धुळीवरून कळलं. आत्यानं पाणी दिलं. तुम्ही चपला काढल्या, आत गेलात आणि बाजेपाशी वाकलात. कोपरा कोणी दाखवला नव्हता.

"कोनाची हाय हे?"

आत्यानं सांगितलं. तुम्ही तसेच वाकलेले राहिलात. मला वाटलं, तुम्ही आता उठून निघून जाल. आत्यालाही वाटलं असावं, कारण तिनं दाराची कडी हातात धरली होती, जणू तुम्हाला कोंडून ठेवणार. तुम्ही खाली मांडी घातलीत.

तेवढ्यात सुभद्राबाई दारात आल्या. त्यांनी पदर पुढे ओढला. "बळीरामभाऊ, टोचते का माही कोंबडी?"

"नाही टोचत," तुम्ही म्हणालात.

त्या ओट्यावर बसून राहिल्या. तुमचं दोघांचं बोलणं एवढंच झालं. मी त्याचं वजन करणार नाही, माझ्याकडे तसा काटा नाही.

मग तुम्ही तांबडीच्या पोटाखाली हात घातलात. आदल्या दिवशी मी तिच्याखाली घातला तेव्हा ती माझ्यावर फुगली होती. तुमच्यासाठी तिनं अंग जरा वर उचललं. तुम्ही एक अंडं काढलंत, कानाशी धरलंत आणि डोळे मिटलेत. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग तुम्ही तो आवाज काढलात.

बाबा, मी तुम्हाला अठ्ठावीस वर्षं ओळखते. तुम्ही गाणं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला झोपवताना तुम्ही रेल्वे स्टेशनांची नावं क्रमानं म्हणायचा. तो आवाज माणसाच्या घशातला नव्हता. खालचा, तुटक, आणि इतका खरा, की तांबडीनं मान वळवून तुमच्या तोंडाकडे पाहिलं.

आणि अंड्यातून उत्तर आलं. दारापर्यंत ऐकू आलं. बारीक, घाईचं, दोनदा.

मग टोपलीतल्या दुसऱ्या अंड्यातून. मग तिसऱ्या. तांबडी बोलायला लागली, तुम्ही बोलत होता आणि ती अंडी तुम्हा दोघांना उत्तरं देत होती, कोण आई आहे याची चौकशी न करता. कळप, निवड, पिढी हे शब्द मी रोज वापरते. एवढ्याशा कवचातून, ज्यानं अजून उजेड पाहिला नाही, तो जीव आधी विचारतो, कोणी आहे का बाहेर? आणि बाहेरून कोणीतरी आहे म्हणतं. हे उत्तर देणं मी तीन पिढ्या तक्त्यात 'खुडूक, होय' एवढ्या खुणेनं नोंदत होते.

तुम्ही अंडं परत ठेवताना मी त्यावर पेन्सिलीनं फुली केली. ते तुम्ही पाहिलं नाही.

निघताना तुम्ही मला एकच बोललात. "पाकिटाले पाचचं तिकीट पुरते. दहाचं काहून लावते?" यापुढे पाचचं लावीन.

आता तुम्ही गेल्यावरचं.

बहुतेक अंडी निघाली. मशीनमध्ये निघतात त्याहून कमी नाहीत. डॉ. अरुंधतींना कळवलं. त्या म्हणाल्या, केंद्रातला सात नंबर बंद झाल्याची नोंद त्यांनी केली. मग म्हणाल्या, "गावातल्या कळपाला नवा नंबर लागेल. अंगणातच निवड करायची, बायकांबरोबर. लिहून दे." लिहायला घेतलं आहे. मी पंखाला बिल्ले लावते, आत्या कोणत्या घरची कोंबडी कुठे बसली ते सांगते. केंद्रापेक्षा इथे मला जास्त वर्षं लागतील. चालेल.

तांबडीखालच्या अकरांपैकी नऊ निघाली. फुलीचं सगळ्यांत आधी. ओलं, वाकडं, मान न सावरणारं; मग वाळून पिवळं आणि पाठीवर तपकिरी पट्टा. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी आत्या खीर करत होती, तेव्हा ते टोपलीच्या काठापर्यंत आलं. रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर जे पहिलं पाऊल टाकेल ते कोंबडी देणारीचं. तुमचं पिल्लू मोठ्या घरी जाणार होतं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. सुभद्राबाईंनीही पाहिलं. त्या म्हणाल्या, "दुसरं घेतो मी. ते राहू दे भाऊचं."

मी म्हटलं, "नाही. निवड कोणी करायची नाही." आणि त्याच्या पंखाला पहिल्या नंबरचा बिल्ला लावला. ते मोठ्या घरच्या अंगणात वाढेल आणि दर महिन्याला मी त्याची नोंद घ्यायला त्या दारात जाईन. पुढच्या दारानं.

पण ते बाहेर यायला तयार नव्हतं. काठावर उभं राहून थरथरत होतं. तांबडी आतल्या ओल्या पिल्लांत गुंतली होती, बोलावत नव्हती. बायका जमल्या होत्या. शामलाबाई म्हणाली, "ढकल ना वं थोडं." मी ढकललं नाही. खाली बसले, घसा खाकरला आणि तुम्ही काढला होता तो आवाज काढला.

वाईट निघाला. पहिल्यांदा तर नुसता खोकला वाटला. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्यांदा पिल्लानं मान तिरकी केली, माझ्याकडे पाहिलं आणि काठावरून उडी टाकून सरळ माझ्या पायाशी आलं.

अंगण हसलं. मागून कोणीतरी विचारलं, "कोनाची वं हे पोट्टी?"

आत्या चुलीपाशी उभी होती, हातात खिरीचा डाव. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, तुमच्या वतीनं विचारल्यासारखं. मग मोठ्यानं म्हणाली, "खुडक्याची हाय!"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, सुभद्राबाईसुद्धा.

मी म्हटलं, "हो. त्यांचीच."

नंदिनी